हाताचा व्हिडिओ

"आधीच अर्धा कप, त्यातला निम्मा बशीत," सासूबाई पुटपुटल्या. चहा नणंदेने आणून दिला होता, पण बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, "कपच मेले धड नाहीत, आई." गेलं वर्षभर आमच्या घरात सगळा दोष कपांचा होता.

नणंद लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. दोन महिन्यांच्या बाळाचीसुद्धा शीर तिला पहिल्या फटक्यात सापडते, अशी तिची ख्याती. संध्याकाळी मात्र ती हेडफोन लावून बसायची आणि माझ्या मुलीच्या टीममधून कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये धडाधड माणसं मारायची. तिथे तिचं नाव 'सुई'. चाळिशी उलटलेल्या बाईचा असा नेम, याचं त्या पोरांना कोण कौतुक!

म्हणजे, होतं.

तिने उपांत्य सामना जिंकून दिला आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातला अकरा सेकंदांचा तुकडा काढून, वेग कमी करून इंटरनेटवर टाकला. तिचा नेम डावीकडे-उजवीकडे थरथरतो, क्षणभर थबकतो आणि गोळी थेट कपाळात. खाली एकच ओळ होती : 'हा माणसाचा हात नाही, नेम धरून देणारं सॉफ्टवेअर आहे.' त्याच सामन्यात तिचे सव्वीस नेम चुकले होते. ते बघायला पाऊण तास लागला असता. निकाल द्यायला अकरा सेकंद पुरले. आमची जेवणं होईपर्यंत ती चोर ठरली होती. कालपर्यंत 'सुईताई, शिकवा ना' म्हणून मागे लागलेलेच सगळ्यात आधी 'मला संशय होताच' म्हणाले.

ते थबकणं मी ओळखलं. कुलपात किल्ली घालतानाही ती तसंच करते. थरथर थांबायची वाट बघते, आणि थांबली रे थांबली की झटक्यात. मी मुलीला काही बोलले नाही.

टीमने शनिवारपर्यंत मुदत दिली. हातांवर कॅमेरा रोखून खेळून दाखवायचं, त्या जगातली रीतच ती. "कर नाही त्याला डर कशाला?" टीमचा कॅप्टन म्हणाला. नणंदेने उत्तरच दिलं नाही, आणि तोच पुरावा झाला. मग कुणीतरी तिचं हॉस्पिटल शोधून काढलं. 'ही लबाड बाई तुमच्या पोरांना टोचते,' असं हॉस्पिटलच्या पानावर दोनशे जणांनी लिहिलं. मेट्रनने तिला सोमवारी भेटायला बोलावलं.

शनिवारी दुपारी मुलीने पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवला. "लाइव्हच करू, आत्या. रेकॉर्ड करून दिलं तर एडिट केलंय म्हणतात. सोमवारच्या आत मिटून जाईल."

"दाखव गं," माझा नवरा दारातूनच म्हणाला. "तोंडं बंद होतील एकेकाची." त्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो बहिणीशी असाच, दारातून बोलतो.

फोनवर बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. नऊशे. बाराशे. नणंद माउससमोर बसली, हात टेबलाखाली.

"हात वर घे ना, आत्या."

"घेते."

घेतले नाहीत.

सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "काय लिहितायत गं? मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"काही नाही, आजी."

"वाच म्हणते ना."

मुलगी खालच्या आवाजात वाचू लागली. "'हात भाड्याने आणायला गेली का?'... 'घरच्यांना पण ठाऊक असणार, सगळे चोर'... 'हिच्या हातून एखादं पोर मेलं असेल, शोधा.'"

नणंदेचा खांदा हलला. मी उगाचच म्हटलं, "पाणी आणू का कुणाला?" नवरा बाहेर जायला वळला.

सासूबाई फोनवर वाकल्या, बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्याने.

"अरे, चोर नाही ती. हात थरथरतो तिचा. वर्ष झालं. त्याच हाताने तान्ह्या पोरांना टोचते, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तरी गप्प बसतो, कारण तिच्या पगारावर हे घर जेवतं."