बुडबुडा पुढे सरकतो

प्रॅक्टिकलची परीक्षा सुरू झाली तेव्हा माझी मुलगी पोटोमीटरच्या नळीत होती. शून्याच्या रेघेवर, हवेच्या बुडबुड्यात, पाय पोटाशी घेऊन बसली होती. पाठीवर सॅक तशीच होती. नळी इतकी बारीक की उदबत्तीची काडीसुद्धा आत जेमतेम जाईल, आणि शलाका तर माझ्यासारखीच उंच आहे. तिला मान वाकवून बसावं लागत होतं.

पोटोमीटर म्हणजे झाड किती पाणी पितं ते मोजायचं साधं उपकरण. एका टोकाला रबरी बुचात पानांची फांदी घट्ट बसवायची, दुसरं टोक बीकरमधल्या पाण्यात सोडायचं. मधे आडवी काचेची नळी आणि तिच्यावर आकडे. पानांतून वाफ उडून जाते, तेवढं पाणी फांदी ओढून घेते, आणि नळीत अडकवलेला हवेचा बुडबुडा बीकरकडून फांदीकडे सरकत जातो. तो किती सरकला ते वाचायचं, झालं. हे मी इतकी वर्षं शिकवते आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

बुडबुडा आत घ्यायचीही एक रीत आहे. नळीचं टोक पाण्यातून क्षणभर वर काढायचं, जराशी हवा शिरू द्यायची आणि लगेच परत बुडवायचं. मी टोक वर काढलं आणि नेमकी तेव्हाच शलाका प्रयोगशाळेच्या दारात आली.

"आई, निघते गं. गाडीची वेळ झाली."

ती बडोद्याला निघाली होती, नोकरीवर रुजू व्हायला. जाऊ नको असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. आताही मान वर न करता एवढंच म्हणाले, "थांब जरा." आणि टोक बुडवलं. वर पाहिलं तर दारात कोणी नव्हतं.

मला आधी रागच आला. नमस्कार करायचीही सवड नाही म्हणजे काय? तेवढ्यात पर्समधला मोबाईल वाजला.

"आई, अगं मी इथंच आहे."

"इथं म्हणजे कुठं?"

"नळीत. बघ, हात करतेय."

मी टेबलावरचं भिंग उचललं. शलाका एका हाताने फोन कानाला धरून दुसरा हात हलवत होती. भिंग खाली ठेवलं तरी ती दिसतच होती, फक्त लहान.

मुलं आपापल्या टेबलांशी खाली माना घालून बसली होती. एक्स्टर्नल परीक्षक म्हणून आलेले वणकुद्रे सर त्यांच्यामधून फिरत होते. पांढरा सफारी, खिशाला लाल पेन, हळू बोलणारे गृहस्थ. ते माझ्या टेबलाशी आले, वाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून नळीत पाहू लागले.

"बुडबुडा छान घेतलात, मॅडम. एकसंध आहे."

"सर, ती माझी मुलगी आहे."

"दिसतंय की. नाकाने तुमच्यावर गेलीय."

"प्रयोग थांबवू या."

"परीक्षा चालू आहे," ते म्हणाले. "चालू प्रयोगाला हात लावायचा नाही, हे तुम्हीच तर मुलांना सांगता."

ते खरं होतं. मी ते ओरडून सांगते. दरवर्षी कोणी ना कोणी त्यापायी माझ्याकडून बोलणी खातं.

"एक," मुलं एका सुरात म्हणाली आणि सगळ्यांनी वहीत लिहिलं.

बुडबुडा एकच्या रेघेवर आला होता. नळीवर दहापर्यंत आकडे होते. दहानंतर नळी वळते आणि फांदीच्या देठाखाली जाते. बुडबुडा तिथपर्यंत कधी पोचू द्यायचा नसतो. पोचला तर देठाच्या नसांमध्ये हवा शिरते, आतला पाण्याचा धागा तुटतो, आणि तासाभरात फांदी मान टाकते. आत गेलेल्या हवेचं पुढे काय होतं हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही. ती परत मात्र येत नाही.

यावर उपाय असतो आणि तो मला माहीत होता. फांदीजवळ पाण्याचं छोटं भांडं असतं आणि त्याला काचेची तोटी. तोटी फिरवली की वरचं पाणी नळीत उतरतं आणि बुडबुड्याला मागे ढकलतं, शून्याकडे. मी तोटीवर हात ठेवला.

"हां, फिरव," फोनवर शलाका म्हणाली. "तिकडं सोड मला, बीकरकडं. अजून गाडी मिळेल."

"आणि बीकरमध्ये आल्यावर?"

"वर येईन ना."

"वर आलेला बुडबुडा फुटतो गं."

"फुटू दे की! बाहेरच तर यायचंय मला."

माझ्या हाताने तोटी काही फिरेना. तोटी अडली नव्हती, माझा हातच फिरत नव्हता. बीकरमध्ये वर येणारे बुडबुडे मी आयुष्यभर पाहिले आहेत. पाण्याच्या वर येतात आणि नसतात. हे मी लेकीच्या बाबतीत कसं करू? मी हात काढून घेतला.

"आई!"

"थांब जरा," मी म्हणाले. "फांदीलाच थांबवते. तू तिथंच बस, सुरक्षित आहेस."

"दोन," मुलं म्हणाली.

फांदी कण्हेरीची होती, सकाळी मीच पाण्याखाली धरून कापून आणलेली. तिला पाणी कमी लागेल असं करायचं होतं. मी पंखा बंद केला. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कारण उजेडात पानं जास्त पितात. वणकुद्रे सरांनी मान डोलावली. वाऱ्याचा आणि उजेडाचा परिणाम हा अभ्यासक्रमातलाच भाग आहे.

"साडेतीन."

बुडबुड्याचा वेग वाढला होता. मी व्हॅसलीनची डबी घेतली आणि पानांना खालून लावत सुटले. पानाची रंध्रं खालच्या बाजूला जास्त असतात, तिथूनच पाणी जातं. एकही पान सोडलं नाही. मी इतकी घाबरले होते की झाकण कुठे ठेवलं तेही कळेना.

"पाच."

मग मी पानंच तोडायला लागले. भराभर सगळी तोडली. कण्हेरीचा पांढरा चीक बोटांना लागला. बुचात नुसती काठी उरली. काठी पाणी पीत नाही, निदान इतकं तरी पीत नाही. मी भिंगातून पाहिलं. शलाकाने एक हात काचेला टेकवला होता, धावत्या गाडीत उभं राहून टेकवावा तसा. तिच्या मागून रेघा जात होत्या.

"सहा."

"सर, फांदीला एकही पान नाही. मग पाणी पितंय कोण?"

"नळी तपासा," वणकुद्रे सर म्हणाले. "सांधे तपासा. सुरुवातीलाच तपासायचे असतात."

मी दहाच्या रेघेपासून नळीवर बोट फिरवत पुढे गेले. नळी वळत होती, पण फांदीकडे नाही. बुचाच्या शेजारून ती टेबलावर उतरली होती, स्पिरिटच्या दिव्याला वळसा घालून, डस्टरखालून, टेबलाच्या कडेपर्यंत. तिथून ती माझ्या डाव्या मनगटात गेली होती, बांगड्यांच्या जरा खाली. दुखत नव्हतं. सांध्याभोवती व्हॅसलीन नीट लावलेलं होतं, हवा जाऊ नये म्हणून अंगठ्याने गोल दाबून. अंगठ्याचा ठसाही उठला होता. मी तसंच दाबते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "साडेसहा," मुलं म्हणाली.

"सर," मी म्हणाले.

"बोलू नका, मॅडम. बोलताना तोंडावाटे फार जातं."

त्यांनी टेबलावरची व्हॅसलीनची डबी घेतली. आधी कपाळाला लावलं, मग गालांना, मग मानेला. कामात स्वच्छ माणूस. मग त्यांनी माझे हात उलटे केले आणि तळव्यांना दोनदा लावलं. "खालच्या बाजूला जास्त," असं ते मुलांकडे बघून म्हणाले. मुलांनी लिहून घेतलं. शेवटी ओठांना जाडसर थर दिला आणि वरून बोट फिरवलं. त्यानंतर माझं तोंड उघडेना. नाकाने मी अगदी थोडा श्वास घेत होते, पण सोडताना प्रत्येक वेळी नळीतलं पाणी केसाएवढं हलत होतं, ते मला दिसत होतं.

दाराच्या फटीतही कुणीतरी व्हॅसलीन भरलं होतं. खोली बंद, हवा थांबलेली. टेबलं पूर्वीपेक्षा जवळजवळ आली होती. मुलांची कोपरं एकमेकांना लागत होती. ती आता फार सपाट दिसत होती, कागदावर चिकटवून वाळवलेल्या पानांसारखी, पण पेन्सिली व्यवस्थित धरलेल्या.

"सात," मुलं म्हणाली. आवाज कोरडा होता.

फोन टेबलावर पडला होता. मला बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"आई? आई, तू दिसतेस मला. केवढी मोठी आहेस तू."

मी मान हलवली.

"चिडू नकोस. मी काही पळून चालले नव्हते. तुला सांगायलाच आले होते ना?"

मी पुन्हा मान हलवली. चिडले नव्हते. मला फक्त भीती वाटत होती, शलाका, तू दारातून गेलीस की मागे उरेल त्या घराची. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता ओठ बंद होते.

"आठ."

"इथं हवा कमी झालीय गं," ती म्हणाली. "बुडबुडा लहान होतोय. तुझ्या हाताचा वास येतोय आई, भाकरीचा. मला तुझ्या बांगड्या दिसतायत."

मला आता सगळं समजलं होतं. ती माझ्यात आली की काय होईल ते मी शिकवलेलं आहे. ती परत येणार नाही, आणि मीही मान टाकेन. बीकरमध्ये गेली तर फुटेल. पण ती फुटेल ती बाहेर, उघड्यावर, जिथे तिला जायचं होतं. मी उजवा हात तोटीकडे नेला.

हात घसरला.

बोटांना, तळव्याला, दोनदा लावलेलं व्हॅसलीन. तोटी काचेची, गुळगुळीत. मी दाबून धरली, फिरवली, बोटं तिच्यावरून फिरून परत आली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली. मुलं पाहत होती, वणकुद्रे सर पाहत होते.

"चालू प्रयोगाला हात लावू नका, मॅडम," ते म्हणाले. त्यांनी मला अडवलं मात्र नाही. अडवायची गरजच नव्हती.

"नऊ."

"आई, फिरव ना," शलाका म्हणाली. आता ती रडत होती. लहानपणी दुपारच्या झोपेतून उठून रडायची तसाच आवाज होता. "फिरव ना गं. मी पोचल्यावर फोन करते. नक्की करते."

मी पदर ओढला. पदराला व्हॅसलीन नव्हतं. तो तोटीभोवती गुंडाळला, मुठीत आवळला आणि सगळा जोर लावला. तोटी करकरली. जराशी, अगदी जराशी हलली. वरच्या भांड्यात पाण्याचा एक थेंब तोंडाशी येऊन थांबला.

नळीत शलाका दहाच्या रेघेवर उभी होती, दोन्ही तळवे काचेला लावून, तोंड माझ्याकडे करून. तिच्या मागे वळण होतं आणि वळणानंतर माझं मनगट.

"रडायचं मात्र नाही हं, मॅडम," वणकुद्रे सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले. "डोळ्यांना काही लावता येत नाही आपल्याला. तेवढीच जागा उघडी आहे."

मी पापणी न हलवता तोटी फिरवत होते. पदर आवळला जात होता. शलाकाने काचेच्या आतून मला नमस्कार केला, घाईघाईने, निघताना करतात तसा.

माझे डोळे भरून आले. मुलांनी पेन्सिली उचलल्या.