सावकाश फुलणारं रोप

अक्काताईंनी चष्मा काढून रविराजच्या हातात दिला, पदर सावरला आणि कुंडीवर वाकून पांढऱ्या फुलात नाक खुपसलं. क्षणभरानं त्या सरळ झाल्या.

"ह्येला वासच न्हाय की."

"हे संध्याकाळी वास देते," नर्सरीवाला नागेंद्र त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "दिवसा रजा."

"आणि ती पलीकडची?"

"ती सकाळी दहाला चालू. चॉकलेटसारखा वास. दुपारी बंद."

"म्हंजे ही सरकारी नोकरीत हाय म्हण," अक्काताई भावाकडं बघून हसल्या.

रविराज खानापूरच्या सरकारी कचेरीत कारकून होता. एरवी आक्काचा टोमणा व्याजासकट परत केल्याशिवाय तो राहिला नसता. आज नुसता हसला, तेही जरा उशिरा.

खासबागेच्या विणकर वस्तीतल्या अक्काताईंच्या खोलीला एकच खिडकी. दिवाळीनंतर त्यांचा पलंग त्या खिडकीला लावला होता. गच्चीवर त्यांचा मोगरा होता, पण गच्चीला एकवीस पायऱ्या होत्या आणि अक्काताईंची मजल आता पाचवीलाच संपत होती. सहा महिन्यांच्या औषधांनी त्यांची जीभ आणि नाक दोन्ही मारून टाकलं होतं. औषधं थांबली, हळूहळू नाक परत आलं, तर हुंगायला खोलीत होतं काय? फिनेल, स्पिरिट आणि गोळ्यांच्या बाटल्या. 'मला उशाशी वासाचं एक झाड पायजे,' एवढा एकच हट्ट त्यांनी या दुखण्यात धरला. खिडकीत ऊन सकाळचं तासभर. तेवढ्यावर मोगरा फुलत नाही. ऑर्किड फुलतं, असं कचेरीत कुणीतरी सांगितलं, म्हणून माघातल्या या रविवारी रविराज बहिणीला गाडीत घालून खानापूर रस्त्यावरच्या या हिरव्या जाळीच्या शेडमध्ये घेऊन आला होता.

औषधं का थांबली, हे रविराजनं कुणाला सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी अक्काताईंना समोर बसवूनच त्याला कन्नडमध्ये सांगितलं होतं, की आता उपयोग नाही; दोन महिने, फार तर तीन. अक्काताई भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसल्या होत्या. बाहेर आल्यावर 'काय म्हणला रं?' असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, 'औषधं बास म्हणत्यात. आता ताकद भरंल.' छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या आक्काला कन्नड येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं. घरपट्टीचा कागद असो की विजेचं बिल, 'तुझं तू बघ बाबा, मला त्यातलं कळत न्हाय' म्हणून ती रविराजच्या हातात देई. आई गेल्यावर याच बहिणीनं त्याला वाढवून, शिकवून माणसांत आणलं होतं, आणि गेला महिनाभर तो तिच्याशी रोज खोटं बोलत होता. त्याचं जेवणावरचं मन उडालं होतं.

नागेंद्र त्यांना शेडच्या टोकाला घेऊन गेला. तिथं एक जांभळं, तळहाताएवढं फूल पुरतं उमललं होतं. अक्काताई वाकल्या आणि या वेळी लवकर वर आल्याच नाहीत. आधी वेलदोडा, मागोमाग लिंबाची साल, आणि त्याच्याही मागे काहीतरी गोड, ज्याला त्यांना नाव सापडेना.

"ह्ये," त्या म्हणाल्या. "ह्येच पायजे."

"हे विकलं. उद्या सकाळी नेणार ते लोक," नागेंद्र म्हणाला. "पण याच जातीचं आहे अजून."

त्यानं दोन कुंड्या पुढं ठेवल्या. एकीत तीन टपोऱ्या कळ्या होत्या. दुसरीत चार पानं, बस्स.

रविराज नागेंद्रकडं वळला. सहज भाव विचारावा तसा आवाज ठेवून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "या कळ्या कधी फुलतील?"

"आठ दिवसांत," नागेंद्रही कन्नडमध्ये म्हणाला. "पण साहेब, तुम्ही लहान रोप न्या. घरच्या हवेला लवकर सरावतं. दोन वर्षं थांबलात तर पुढं वीस वर्षं फुलेल."

"तिच्याकडं दोन महिनेसुद्धा नाहीत. तिला माहीत नाही. तुम्ही कळ्यांचंच झाड चांगलं म्हणून सांगा."

नागेंद्रच्या हातातला फवारा थांबला. त्यानं अक्काताईंकडं बघितलं. त्या फुलावरची एक मुंगी बोटावर घेऊन शेजारच्या कुंडीत सोडत होत्या.

"आक्का," तो मराठीत म्हणाला, "हे कळीचं चांगलं. हेच घ्या."

"व्हय, हीच घे," रविराज घाईनं म्हणाला. "आठ दिसांत फुलतीया बघ."

"आणि ह्ये बारकं?"

"त्येला दोन वरसं लागत्यात म्हणं."

"मग लागू देत की. एवढी घाई कशाची लागलीया रं तुला?"

प्रश्न नेहमीच्याच चेष्टेतला होता. रविराज हातातला आक्काचा चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला आणि पुसतच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. आणखी एक शब्द विचारला असता तर तो तिथंच, दोन कुंड्यांच्या मध्ये, सगळं सांगून मोकळा झाला असता.

अक्काताई त्या पुसणाऱ्या हाताकडं बघत होत्या. त्यांनी चष्मा त्याच्या हातातून काढून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि चार पानांची कुंडी उचलून छातीशी धरली.

"ह्येच न्यायचं. कळीचं काय, फुलून जाईल ती. ह्येला मी वाढवती. दोन वरसांनी फूल आलं की तुला च्याला बोलवती."

"दोन्ही घेऊ या की, आक्का."

"खिडकी केवढीशी, तिच्यात दोन मावतील व्हय? जा, गाडी हिथवर आण. माझ्यानं तेवढं चालवंना आता."

रविराजनं पैसे दिले आणि तो निघाला. गाडी पार रस्त्याच्या पलीकडं, झाडाखाली होती. आक्काला काही कळलेलं नाही, ती दोन वर्षांपुढचं बोलते आहे, या विचारानं त्याला सुटल्यासारखं झालं, आणि आपण सुटलो याची त्याला लाजही वाटली.

तो दिसेनासा झाल्यावर नागेंद्रनं कळ्यांची कुंडी पिशवीत ठेवली आणि पुढं केली.

"हे पण न्या, आक्का. माझ्याकडून. पैसे नको."

"राहू द्या ते," अक्काताई म्हणाल्या. "आता नेलं तर त्याला शंका येईल."

नागेंद्र बघतच राहिला. त्या कन्नडमध्ये बोलल्या होत्या. खासबागेतल्या विणकर बायका बोलतात तशा, सरळ, कुठंही न अडखळता.

"तुम्हाला कन्नड येतं?"

"तीस वर्षं माझ्या भिंतीपलीकडं माग चालतात. शेजारणींची भांडणं, बारशी, सगळं कानावर पडत आलंय." त्यांनी दम घेतला. "डॉक्टरही माझ्या समोर बसूनच बोलले. मला कळू नये म्हणून हा पोरगा महिनाभर जिवाचं रान करतोय. त्याला वाटू दे, जमलं म्हणून."

पिशवी तशीच नागेंद्रच्या हातात लोंबत राहिली.

"हे मोठं फूल उद्या जाणार ना?" अक्काताईंनी विचारलं.

"हो. सकाळी."

"मग तो येईपर्यंत मी याच्यापाशी बसू का?"

त्यानं धावत जाऊन स्टूल आणलं. वास पांगू नये म्हणून कडेचा मोठा पंखाही बंद केला. अक्काताईंनी चार पानांची कुंडी खाली ठेवली, चष्मा काढून मांडीवर घेतला आणि चेहरा फुलाजवळ नेला. श्वास त्या पुरवून पुरवून घेत होत्या. मध्येच त्यांना रडू आलं, ते त्यांनी गिळलं. रडलं की नाक चोंदतं. नागेंद्र पाठमोरा होऊन पाण्याच्या पाइपाशी उगाच काहीतरी करत राहिला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नागेंद्र त्यांना उठवायला म्हणून हात पुढं करून आला.

"थांबा," अक्काताई डोळे न उघडता कन्नडमध्ये म्हणाल्या. "अजून एकदा वाजू दे."