दोन मिनिटांपुरता बाप

मुहन्नदने खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि इंग्रजीत सुरुवात केली, "माझे वडील सुतार होते."

नशवा इंग्रजीच्या क्लासच्या दारातच थांबली. मुहन्नदचे वडील दातांचे डॉक्टर. चौकात त्यांच्या दवाखान्यावर माणसाएवढी दाढ लावलेली होती आणि संध्याकाळी ती पेटायचीसुद्धा. हा सुतार कुठून उपटला?

"आमच्या घराखालीच त्यांचा कारखाना होता," मुहन्नद पुढे म्हणाला. "माझं बारावीचं वर्ष होतं. करवतीच्या मशीनचा आवाज फार मोठा. माझ्या अभ्यासाला त्रास नको म्हणून वडिलांनी अख्खं वर्ष मशीन लावली नाही. सगळं लाकूड हाताने कापलं. त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही."

नशवाच्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आली. ती वाक्यं तिची होती. शब्द न् शब्द तिचा होता. 'कधी तक्रार केली नाही' हे इंग्रजीत बसवायला तिने तीन दिवस डोकं फोडलं होतं.

मुहन्नद थांबला. त्याने छातीवर हात ठेवला, नजर खाली केली.

"आणि माझा निकाल लागायच्या आदल्या दिवशी ते वारले."

"शाब्बास!" क्लास घेणाऱ्या मिस्टर रामींनी घड्याळ बंद केलं. "फक्त 'वारले'च्या आधी जरा जास्त थांब. परीक्षकाला श्वास घेऊ दे. हिबा, आता तू. तू काका घेतलायस ना? ज्यांना बाप नको त्यांनी काका घ्यायला हरकत नाही."

नशवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

औषधाच्या दुकानात बदलीला माणूस नव्हता म्हणून दोन आठवडे ती क्लासला येऊ शकली नव्हती. दोन आठवड्यांत यांनी तिच्या बापाला मारला, पुरला आणि वाटून खाल्ला.

तिचं दुखणं क्लासमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. ती औषधशास्त्र शिकलेली, म्हणून सगळे तिला डॉक्टर म्हणत. इजिप्तमधल्या या दमिएत्ता गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर तिच्या हातातून गेलेलं. इंग्लंडच्या एका इस्पितळाने तिला जागा देऊ केली होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत सात गुण पाहिजेत. वाचनात सात, लेखनात सात, ऐकण्यात तर आठ. बोलायला बसली की मात्र जीभ टाळूला चिकटायची. परीक्षक समोर एक कार्ड ठेवणार, विचार करायला एक मिनिट देणार आणि मग दोन मिनिटं तुम्ही एकट्यानेच बोलायचं. ती दोन मिनिटं तिला दोनदा खाऊन बसली होती. इस्पितळाने कळवलं होतं, या महिन्याच्या परीक्षेपर्यंत थांबू, पुढे नाही.

आणि मग एके दिवशी सरावात कार्ड आलं, 'तुम्हाला मदत करणाऱ्या माणसाविषयी बोला.' तिने बाबांचं सांगितलं, आणि न अडखळता सांगितलं. पहिल्यांदाच. मिस्टर रामी टाळ्या वाजवत उभे राहिले होते. त्या टाळ्या कशाच्या होत्या ते आता कळत होतं.

"मिस्टर," ती म्हणाली, "हा सुतार कुणाचा?"

वर्गात कुणी तरी खुदकन हसलं.

"अरे, डॉक्टर नशवा! ये ये, बस. चहा घे."

"चहा राहू दे. सुतार कुणाचा, ते सांगा."

"अगं, आता सगळ्यांचाच आहे तो," मिस्टर रामी मोठ्या प्रेमाने म्हणाले. "तुला अभिमान वाटायला हवा. मागच्या तारखेला आपली तीन मुलं मन्सूरा शहरात जाऊन परीक्षा देऊन आली. तिघांनी सुतार सांगितला. तिघांनाही सात!"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं ते या माणसाने. आणि वर तोंड करून सांगतोय.

"माझा बाप जिवंत आहे," नशवा म्हणाली.

"देव त्यांना उदंड आयुष्य देवो."

"मग मारलात कशाला?"

"त्याशिवाय शेवट होत नव्हता ना. तुझी गोष्ट छान, पण शेवटी माणूस नुसता उभाच राहतो. परीक्षक दिवसभर तेच तेच ऐकून कंटाळलेला असतो. त्याला काहीतरी लागलं पाहिजे. आणि तो काय मृत्यूचा दाखला मागणार आहे?"

"आणि मी काय सांगू? माझी परीक्षा येत्या रविवारी आहे. तिथे, मन्सूरालाच."

मिस्टर रामींनी पहिल्यांदाच जरा विचार केला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तू शेजारीण घे," ते म्हणाले. "एकटी म्हातारी शेजारीण. छान चालते."

"मी माझा बाप सोडून शेजारीण घेऊ?"

"डॉक्टर, समजून घे. तिघं तेच बोलून आलेत, रविवारी अजून पाच-सहा बोलतील. एखाद्या परीक्षकाच्या लक्षात आलंच की हे पाठांतर आहे, तर तो गुण कापणार. मी नेहमी सांगतो ना? म्हणून तर म्हणतोय, सुतार तू घेऊ नकोस. तुझ्यासाठीच धोक्याचं आहे."

म्हणजे तिची गोष्ट तिच्याच तोंडी चोरीची ठरणार होती. नशवाचा आवाज चढला तो असा, की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवली.

"आयत्या बिळावरचे नागोबा सगळे! लाज वाटत नाही? एकाच्याही बापाने तुमच्यासाठी काही केलं नाही का रे? त्यांच्याच घरचं खाता ना? आणि तू, मुहन्नद! तुला स्वतःचा बाप नाही?"

मुहन्नदचे कान लाल झाले.

"आहे, डॉक्टर. पण त्यांच्यावर दोन मिनिटं बोलायला काही सुचत नाही."

"मग त्यांनाच मार! माझ्याला कशाला मारतोस?"

ती जिना उतरली ती पायऱ्या आपटत. मायक्रोबसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कुणी गेलं का गं, पोरी?" तर ही तिच्यावरच खेकसली, "नाही! तोच तर सगळा घोळ आहे!"

कारखान्यात बाबा, म्हणजे गल्लीचे उस्ता बस्यूनी, एकटेच कामाला होते. कारागीर घरी गेले होते. ते एका खुर्चीचा पाय पॉलिशपेपरने घासत बसले होते, डाव्या हाताने. उजवा खांद्याच्या वर जात नसे. दारात स्टुलावर आई, नईमा, मांडीवर परात घेऊन मुलूखियाच्या पालेभाजीची पानं खुडत होती. नशवाने पर्स लाकडाच्या ढिगावर फेकली आणि उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं.

"मी मेलो?" बाबांनी घासणं थांबवलं. "कशाने?"

"ते नाही सांगत. निकालाच्या आदल्या दिवशी मरता, बस."

"इडा पिडा टळो!" आईने परात खाली आदळली. "जीभ झडो त्या मास्तराची! जित्याजागत्या माणसाला मारतो? उद्या जाते मी तिथे. चपलेने बडवते त्याला."

"थांब गं," बाबा म्हणाले. "नशवा, ती तीन मुलं पास झाली?"

"झाली."

"बघ नईमा. जिवंतपणी एवढा उपयोगी कधी पडलो नव्हतो."

"हसू नका, बाबा!" नशवाचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय जातंय हसायला? माझ्याकडे ती एकच गोष्ट होती. एकच! तेवढ्या एका गोष्टीवर माझी जीभ चालायची. बाकी काहीही विचारा, मी मुकी. आता रविवारी तिथे बसून काय सांगू? माझ्यासाठी तुम्ही खांदा घालवलात, आणि तो खांदा त्या दाढवाल्याच्या पोराने नेला."

बाबा पॉलिशपेपरची घडी उलटी करून परत घासू लागले. आईने एक देठ मोडला, पानं परातीत टाकली, देठ बाहेर. मग दुसरा. आणि एकदम म्हणाली,

"तुझ्यासाठी म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"नईमा," बाबा म्हणाले.

"काय नईमा? बारा वर्षं गप्पच बसले. ही जाईल तिथे सांगते, माझा बाप असा आणि माझा बाप तसा. पाहुण्यांना सांगते, गिऱ्हाइकांना सांगते, आता गोऱ्यांनाही सांगायला लागली. मला कधी विचारलंस का गं, की आई, तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"काय झालं होतं?" नशवा म्हणाली.

"भांडण. दुसरं काय होणार? तू शिकवणीला गेली होतीस. मी याला रोज सांगत होते, पोर वर कानात कापूस घालून बसते, संध्याकाळी तरी मशीन बंद ठेव. हा ऐकेल तर शपथ. मग त्या दिवशी मी खाली उतरले आणि सरळ खटकाच बंद केला. चार कारागिरांसमोर. गिऱ्हाईक बसलेलं. याचं नाक कापलं गेलं. असा भडकला म्हणून सांगू! ओरडला, 'तलाकची शपथ! पोरीची परीक्षा होईपर्यंत या मशीनला हात लावला, तर बायको मला हराम!'"

नशवाने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीच्या पायाकडे पाहत होते.

या गल्लीत पुरुष अशा शपथा उठल्याबसल्या घेतात. चहाचं बिल मीच देणार, नाहीतर बायकोला तलाक. आमच्याकडे जेवल्याशिवाय गेलास, तर बायकोला तलाक. कुणी मनावर घेत नाही, बायका तर मुळीच नाही. पण ही शपथ रागाने लाल होऊन घेतली होती, लोकांसमोर घेतली होती, आणि मशीन तर रोज सकाळी लावायची वस्तू.

"म्हणजे," नशवा सावकाश म्हणाली, "मशीन लावली असती तर तलाक झाला असता. म्हणून नाही लावली."

"रागाच्या भरात बोलून गेला आणि अडकला," आई म्हणाली.

"माझ्यासाठी नाही."

नशवाच्या अंगातला संताप इतका वेळ वर्गाकडे तोंड करून उभा होता. आता त्याने मान वळवली.

"छान," ती म्हणाली. "खूपच छान. बारा वर्षं मी तुमच्या खांद्याला तेल चोळतेय, बाबा. दर थंडीत. आणि मनात म्हणतेय, हे माझं देणं आहे. एकदाही तोंडातून निघालं नाही तुमच्या? मिस्टर रामींनी शेवट खोटा जोडला म्हणून मी घसा फोडून आले. इथे तर पहिल्या वाक्यापासून खोटं! मग त्या पोरांना कशाला शिव्या घातल्या मी?"

"तेल तू छान लावतेस," बाबा पुटपुटले.

"बाबा!"

"ओरडू नकोस त्याच्यावर," आई म्हणाली. "पुरतं ऐकून घे. अर्धं ऐकायचं आणि वर्गात जाऊन सांगायचं, हीच खोड आहे तुझी."

"अजून काय राहिलंय?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी मीच याला मशिदीत शेखकडे धाडला. म्हटलं, विचारून ये, यातून सुटका कशी. शेख म्हणाला, रागात घेतलेली शपथ आहे, बायको सोडायचा तुझा इरादा नव्हता. दहा गरिबांना जेवू घाल, शपथ सुटली. जा, मशीन लाव. झालं! मी तांदूळ निवडायला घेतले. कोंबड्या आणायला शेजारच्या पोराला पाठवणार, एवढ्यात हा आला. बोलला नाही, चालला नाही. भिंतीवरची हातकरवत उतरवली आणि लाकूड कापायला बसला."

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

"का?" तिने विचारलं.

बाबांनी खुर्ची उलटी केली आणि दुसरा पाय हातात घेतला.

"दहा माणसांचं जेवण म्हणजे काय चेष्टा आहे?" ते म्हणाले. "महागाई काय कमी होती तेव्हा?"

"खोटारडा!" आई स्टुलावरून अर्धी उठली, परातीतली पानं भुशात सांडली. "महागाई म्हणे! तुझा निकाल लागला त्या दिवशी अख्खी गल्ली कुणी जेवू घातली? भांडी पुरली नाहीत म्हणून मशिदीतून पातेली आणली. येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरधरून बसवत होता, अनोळखी ट्रकवाल्यांनासुद्धा! तेव्हा नव्हती महागाई? आणि रात्री खांद्याने झोपू देईना, तेव्हा मी म्हणायचे, अरे बाबा, अजूनही घाल दहा जणांना जेवू, संपव हे. तर म्हणायचा, झोप गं, पोर अभ्यास करतेय."

आई खाली बसली. डोक्यावरच्या ओढणीने नाक पुसलं आणि भुशातली पानं एकेक करून वेचायला लागली. तिचा राग अजून गेला नव्हता.

"आता हे बसव तुझ्या दोन मिनिटांत," ती म्हणाली. "आणि त्या मास्तरापुढे बोललीस तर याद राख."

नशवा लाकडाच्या ढिगावर बसली. मनातल्या मनात शब्द शोधू लागली. तलाकच्या शपथेला इंग्रजीत काय म्हणतात? शेख म्हणजे काय, हे कसं सांगायचं? पहिला शब्द कुठून उचलायचा, तेच सापडेना. तिने डोळे मिटले, पाठ ताठ केली, मन्सूराच्या त्या खोलीत बसल्यासारखी, आणि इंग्रजीत म्हणाली,

"माझे वडील..."

आणि अडकली. पहिल्यासारखीच, ठार मुकी.

रोज संध्याकाळी तिचा सराव ऐकून ऐकून तेवढे दोन शब्द उस्ता बस्यूनींनाही कळायला लागले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जिवंत आहेत म्हण," ते म्हणाले. "तिथून सुरू कर."