भरवलेला घास

"आ कर," बोंग मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मला जरा बोलायचं होतं..."

"आधी आ कर. बोलणं कुठे पळून जातंय?"

बोलणं पळालं नाही, आत ढकललं गेलं. लेट्यूसच्या पानात भाजलेलं डुकराचं मांस, लसणाची पाकळी आणि सोयाबीनची चटणी बांधलेला मुठीएवढा विडा माझ्या तोंडात आला. असा विडा एका घासात संपवायचा असतो. अर्धा तोडला तर भरवणाऱ्याचा अपमान. मी गाल फुगवून चावत बसले.

"यॉनजूला फोटोत ओळखायची खूण सांगू?" टेबलावरच्या शेगडीवर चिमट्याने मांस उलटत आमच्या विभागातले मेंगसाहेब म्हणाले. "जिचे गाल फुगलेत ती!"

सगळे हसले. तोंड भरलेलं असूनही मी हसले.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कंपनीत बोंग मॅडम हिशेब विभागाच्या प्रमुख. दर महिनाअखेरीस त्या आम्हाला उल्जिरो भागातल्या गल्लीतल्या याच खानावळीत जेवायला आणतात. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही, म्हणून आम्हीच त्यांची लेकरं. त्यांत लाडकी मी. नवरा सोडून गेला तेव्हा माझी मुलगी रांगत होती. वर्षभर मॅडमनी मला रोज लवकर घरी पिटाळलं आणि माझं उरलेलं काम स्वतः उरकलं, कुणाला कळूही न देता. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं.

पण दूरच्या बुसान शहरातल्या शाखेने मला प्रमुख म्हणून दोनदा मागितलं, आणि दोन्ही वेळा मॅडमनी मला न विचारताच नकार कळवला. "तिकडचे लांडगे तुला फाडून खातील गं," असं याच टेबलावर मला कौतुकाने सांगितलं आणि वर एक घास भरवला. मी त्यांचे आभार मानले. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी मांस गिळून बसत आले.

या वेळी बुसानवाल्यांनी थेट मला फोन केला. म्हणाले, "सोमवारी सकाळपर्यंत सांगा. आणि उत्तर तुमच्या तोंडून हवं, मॅडमच्या नको." आज शुक्रवार होता. मॅडमना अंधारात ठेवून होकार देणं मला जमणार नव्हतं.

घास कसाबसा खाली उतरला.

"मॅडम, बुसानहून..."

"बुसानचे मासे चांगले, माणसं नव्हेत. आ कर!"

दुसरा विडा पहिल्याहून मोठा होता. डोळ्यांत पाणी आलं. लसणाचं, असं सगळ्यांना वाटलं असेल. मला मॅडमचा भयंकर राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. पडत्या काळात ज्या हाताने मला सावरलं, तोच हात मला झटकून टाकावासा वाटत होता.

मी एक पान घेतलं. त्यावर मांस ठेवलं, चटणी लावली, लसूण घातला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

"आज तुम्ही आ करा, मॅडम."

"अगंबाई! सूर्य कुठून उगवला आज?" लहान मुलासारख्या खूश होऊन त्यांनी तोंड उघडलं.

घास आत जाताच मी बोलले. "बुसानवाल्यांनी मलाच फोन केला होता. मी सोमवारी हो म्हणणार आहे."

मॅडमचं चावणं थांबलं. मेंगसाहेबांचा चिमटा हवेतच राहिला, मांस करपायला लागलं. मॅडमनी टेबलावर हात टेकला, मान हलवली. काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडात माझा घास होता. मग त्या हळूहळू चावायला लागल्या. पुष्कळ वेळ चावत होत्या.

"लसूण जास्त घातलास," अखेर त्या म्हणाल्या आणि कागदी रुमालाने डोळे पुसले.

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी सवयीने पान उचललं, मांसाचा तुकडा ठेवला, विडा बांधला. हात माझ्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो विडा माझ्या ताटलीत ठेवला.

"घे. तुझ्या हाताने खा."

तो इतका लहान होता की खाता खाता बोलताही आलं असतं. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच आ केला.