चार ओळींची शिळा

ज्या साली थोरलीचे लग्न ठरले, त्या साली त्या घरात माणसे चार होती. पाहुण्यांना मात्र तीनच सांगितली होती.

आप्पा पाथरवट. गेलेल्या माणसांच्या शिळा घडवायचे. नदीकाठच्या आवारात गावाच्या जेवढ्या शिळा उभ्या होत्या, त्यांतल्या निम्म्या त्यांच्या हातच्या. पण आप्पांना अक्षरओळख नव्हती. आकडे तेवढे यायचे. घरातले कोणीतरी दगडावर कोळशाने चार ओळींची कविता लिहायचे, खाली तारीख टाकायचे, आणि आप्पा त्या रेघांवरून छिन्नी चालवायचे. तीस वर्षांत त्यांनी शेकडो कविता कोरल्या. वाचली एकही नव्हती.

आधी लिहिण्याचे काम मुलगा करी. कानामागे कायम कोळसा, म्हणून आळीत त्याचे नावच कोळशा पडले होते. बहिणींचा तो दादा. एका भांडखोर म्हातारीच्या शिळेवर त्याने ‘अखेर हिचेच खरे झाले’ असे लिहिले, तेव्हा रडायला आलेल्या तिच्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

बाविसाव्या वर्षी त्याची झोप उडाली. शिळांवरची माणसे आपल्याशी बोलतात, असे तो म्हणू लागला. एके दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाचा हात धरला आणि रडकुंडीला येऊन सांगितले, “तुमची आई म्हणते, पांघरूण तोकडं पडतंय.” माणूस शिळा न घेताच निघून गेला. आप्पांनी त्याच दुपारी मागच्या खोलीतली गोणपाटे एका बाजूला सारली, मुलाला आत घातले आणि कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवली. आळीत सांगितले, पोराला जहाजावर नोकरी लागली.

“घरात वेड आहे म्हटल्यावर थोरलीला कोण करून घेईल?” आप्पा म्हणाले. “तिचं एकदा उरकू दे. मग बघू त्याचं.”

कोळसा आता धाकटीच्या कानामागे आला. ती सतरा वर्षांची होती. दिवसा ती लोकांच्या मेलेल्यांसाठी कविता लिहायची, आणि भिंतीपलीकडून जिवंत भाऊ तिला यमक सुचवायचा.

एकदा आप्पा दगड निवडायला खाणीवर गेले, तेव्हा तिने कडीचे खिळे उपटले आणि दादाला पुलापलीकडच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तासभर त्याच्याशी गप्पा मारल्या. मग धाकटीला म्हणाल्या, “हा आजार आहे, बाळ. छातीचा असतो, पोटाचा असतो, तसा हा मनाचा. गोळ्या चुकवू नका, कोंडू नका. हा परत कामाला बसेल.”

आप्पा परतायच्या आत तिने दादाला खोलीत आणून खिळे पुन्हा ठोकले. गोळ्या चोरून सुरू झाल्या. दहाव्या दिवशी दादा सहा तास सलग झोपला. बाराव्या दिवशी दाराच्या फटीतून म्हणाला, “माझा कोळसा दे गं, चोरटे.”

पंधराव्या दिवशी आप्पांना गोळ्यांची पाकिटे सापडली. दगड घासायच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी ती एकेक करून बुडवली.

“आप्पा, त्याला बरं वाटत होतं!”

“आणि दवाखान्यात कुणी बघितलं असतं म्हणजे? अक्कल गहाण ठेवलीस काय?”

धाकटी त्या टाकीकडे बघत उभी राहिली. पांढऱ्या गाळात गोळ्या विरघळत होत्या. तिने त्या दिवशी मनाशी एक गाठ मारली. ती सोडवायची कशी, हे मात्र तिला अजून ठाऊक नव्हते.

जानेवारीत लग्नाचे बोलणे पक्के करायला पिठाच्या गिरणीवाले आले. दादा तीन दिवस तापाने फणफणला होता. डॉक्टर बोलवायचा तर दार उघडावे लागणार, म्हणून बोलावला नव्हता. पाहुणे बसले आणि मागून हाक आली, “पाणी.” आप्पा झटकन उठले. “एक शिळा आजच द्यायचीय, तुमचं चालू द्या,” असे म्हणून अंगणात गेले आणि दगडावर घण घालू लागले. हाक आली की घाव. हाक वाढली की घाव वाढले.

“काय कष्टाळू माणूस आहे!” गिरणीवालीबाई म्हणाल्या. “पाहुणे आले तरी हात थांबत नाही. धाकटे, अजून अर्धा कप ओत बघू.”

धाकटीने ओतला. थोरलीने खाली मान घालून बशी पुढे केली. चारच्या सुमारास हाका थांबल्या. घण तरीही चालूच होता.

पाहुणे गेल्यावर आप्पांनी कुलूप काढले. दादा दाराला पाठ लावून बसला होता. तो गेलेला होता.

आळीत सांगायला गोष्ट तयारच होती. पाहुण्यांची पाठ फिरताच पोरगा जहाजावरून रजेवर आला, ताप घेऊनच आला, संध्याकाळी गेला. गिरणीवालीबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, “आमच्या व्याह्यांच्या मुलाची शिळा चांगली उठून दिसली पाहिजे. आम्ही सगळे येऊ.”

आप्पांनी घरातला सगळ्यात चांगला काळा दगड काढला. “समुद्राचं लिही,” ते धाकटीला म्हणाले. “लाटा, जहाज, असलं काहीतरी.”

धाकटीने सावकाश चार ओळी लिहिल्या, खाली वय आणि तारीख टाकली.

“वाच बघू.”

तिने दगडावर बोट ठेवले आणि दगडावर नव्हते ते म्हटले, “हा सागरावर गेला, लाटांचा सोबती होता, घर दूर राहिले तरी, जीव घरापाशी होता...”

“थांब.” आप्पा वाकले. त्यांच्या हाताला जे कळायचे ते डोळ्यांना कळायचे नाही, पण रेघा त्यांना बरोबर आठवायच्या. “शेवटचं चारही ओळींत तेच दिसतंय.”

धाकटीने बोट दगडावरून उचलले नाही. “यमक असतं ते, आप्पा. दादापण असंच लिहायचा.”

“हं. आकडे बरोबर आहेत.” त्यांनी छिन्नी उचलली.

दुसरी ओळ कोरून होत होती, तेवढ्यात थोरली चहा घेऊन आली. तिला वाचता येत होते. तिची नजर पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत गेली. थोरलीने एक शब्द उच्चारला असता तर दगड पालथा पडला असता, आणि महिन्याभरात ती गिरणीवाल्यांची सून झाली असती.

थोरलीने कप खाली ठेवला. “आप्पा,” ती म्हणाली, “तिसरी ओळ जरा खोल घ्या. पुसट नको.”

आणि बापाने तिसरी ओळ खोल घेतली.

शिळा उभी करायला सगळी आळी जमली. गिरणीवालीबाई पुढे झाल्या. चष्मा लावत म्हणाल्या, “थांबा, मी वाचते सगळ्यांसाठी.” त्यांनी गोड आवाजात सुरुवात केली.

“हा जहाजावर नव्हता, मागच्या खोलीत होता, कुलूप बापाचे होते...”

उरलेले त्यांनी मनात वाचले. कुणीतरी मागून पुढे सरकले, मग आणखी कुणी. वाचणारा प्रत्येक जण आप्पांकडे बघायचा आणि दुसरीकडे तोंड फिरवायचा. गिरणीवालीबाई मुलाचा दंड धरून निघाल्या. “लग्नाचं बोलणं विसरा,” एवढेच म्हणाल्या. या घरात आजार होता म्हणून गेल्या की तो कोंडला होता म्हणून, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांच्यासारख्यांनी घरी जाऊन आपापल्या मागच्या खोल्या एकदा उघडून बघाव्यात.

“काय लिहिलंय?” आप्पांनी विचारले. मग ते धाकटीकडे वळले. “काय लिहिलंस गं?”

“तुम्हीच कोरलंय, आप्पा. वाचा.”

त्यांनी घण उचलला. पण उभी केलेली शिळा पाथरवट फोडत नाही. हे त्यांनीच दादाला शिकवले होते. घण हळूहळू खाली आला.

“मला वाचता येत नाही, पोरी.”

“मग शिका. मी वाचून दाखवणार नाही. थोरलीही नाही.”

आळीतल्या दहा जणांना त्यांनी विचारून पाहिले. बाप समोर असताना ते शब्द कुणाच्या तोंडातून निघेनात. शेवटी महिन्याभराने आप्पा पाटी घेऊन धाकटीसमोर बसले. तिने दया केली नाही. पहिले अक्षर तिने ‘ह’ शिकवले, कारण शिळेवर ते पहिले होते. चुकले की पुसून पुन्हा. मधल्या काळात तिने मागच्या खोलीचे दार बिजागऱ्यांसकट काढून टाकले, आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचे नाव आणि वेळ दुकानासमोरच्या दगडावर लिहिली. तीही आप्पांनीच कोरली.

दोन हिवाळे गेले. एका सकाळी आप्पा दोघी मुलींना घेऊन नदीकाठी गेले आणि खाचांमध्ये बोट घालून मोठ्याने वाचू लागले. ‘पाणी’पाशी बोट थांबले.

“पुढे,” धाकटी म्हणाली.

चौथी ओळ वाचून त्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही. “तेही खरंच आहे,” ती म्हणाली. “आता सगळं पहिल्यापासून वाचा.”

आप्पांनी वाचले:

हा जहाजावर नव्हता, मागच्या खोलीत होता;
कुलूप बापाचे होते, आजार मनाचा होता.
हा पाणी मागत होता, बाप घण घालत होता;
जिने लिहिले हे, त्या बहिणीचा हात चहा ओतत होता.

पाथरवटाचा मुलगा कोळशा, वय २३, ९ जानेवारीला दुपारी चार वाजता, बंद दाराआड मेला.