राणीचं नाव काय होतं?

पाथरीच्या चर्चच्या पाळकांच्या घरी नातीचं बारसं होतं आणि बाळाच्या आईला, मनकर्णाला, सकाळपासून एकच काळजी होती. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचं बोलणं, घरात पोरीच्या नावाचं. सासरे, म्हणजे पाळक दिनकरराव, अडून बसले होते, नाव ‘कांदके’च!

शाळेत पोरं हिला जगू देतील का? झबल्याची पिन तिसऱ्यांदा तपासून तिनं धीर केला. “मामा, कांदके म्हणजे कोण हो?”

दिनकररावांनी लगेच बायबलचा ग्रीक नवा करार उघडला. “जिचा खजिनदार रथात वाचत बसला होता ना, ती इथिओपियाची राणी. पण गंमत बघ, कांदके हे नाव नाहीच! पद आहे, कैसरासारखं. ग्रीकमध्ये ‘कांदकेचा, राणीचा’ अशी दोन्ही नामं षष्ठीत शेजारी-शेजारी. वाचणाऱ्याला पहिलं नावच वाटतं. खरा अर्थ राजमाता! शोभतं की नाही?”

“मग त्या राणीचं नाव काय होतं?”

दिनकररावांनी चष्मा पुसला. “ते कुणी लिहून नाही ठेवलं.”

मनकर्णाची नजर चुलीकडं गेली. सासूबाई घुगऱ्या हलवत होत्या. अख्खं पाथरी त्यांना पाळकीणबाई म्हणायचं, मामा नुसतं ‘अगं’. चार वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण तिनंही कधी विचारलं नव्हतं.

ती शेजारी जाऊन बसली. “आई, तुमचं माहेरचं नाव काय?”

“आता काय करायलीस त्याचं?” सासूबाई लाजल्या. “मैना. हितं आल्यावर कुणी हाकच मारली न्हाई.”

मनकर्णानं नणंदेला, कमलबाईला, कोपऱ्यात गाठून ते नाव सांगितलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तिथं पाळकांचंही चालत नाही.

“अगं बाई, आईला नाव हाय?” कमलबाई बघतच राहिली.

पाळण्यात वाकून तिनं कानात सांगितलं. बायांनी पाठीत धपाटे घातले. “कुर्रर्र! आमाला बी ऐकू दे की!”

“मैना!” कमलबाई ओरडली.

“ओ! आले, आले!” म्हणत सासूबाई डाव घेऊन चुलीपासून धावत आल्या. सगळ्या बाया हसून लोळायच्या बाकी.

“अन् माझी कांदके कुठं गेली?” दिनकररावांनी विचारलं.

“ती काय, डाव घेऊन उभी हाय!” कमलबाई म्हणाली.

दिनकरराव बायकोकडं वळले.

“अगं...” ते थांबले, खाकरले. “अगं मैना, घुगऱ्या वाट की सगळ्यांना.”