दोन हजार अठ्ठावीसपर्यंत

“हा काढला तर बसतं का?” ग्रेगने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

ओळ टेव्हिन पिकेटची होती. बसत होतं, हे श्रीरंगला न बघताही माहीत होतं. तरी त्याने उगाच माऊस हलवला, आकडे वरखाली केले, चष्मा काढून पुसला.

“बसतं,” तो शेवटी म्हणाला. “वर सहा लाख उरतात.”

“मग संपलं. बुधवारी दुपारी चारच्या आत कागद गेला पाहिजे.” ग्रेग हा टीमचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला फक्त बेरीज दिसायची.

श्रीरंग मूळचा साताऱ्याचा. माणूस सरासरी किती जगेल याची गणितं मांडून विम्याचे हप्ते ठरवणं हा त्याचा जुना धंदा. अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेत कोलंबसच्या या अमेरिकन फुटबॉल टीमने त्याला उचलला, आणि तिथल्याच डब्लिन या उपनगराच्या मराठी मंडळात त्याचा भाव एकदम वधारला. गणपतीत आरती संपते न संपते तोच कुणीतरी काका खांद्यावर हात ठेवून विचारायचे, “काय श्रीरंग, तिकिटं मिळतील का रे दोन?” वास्तविक त्याने आयुष्यात कधी तो लांबट चेंडू हातात धरला नव्हता. त्याचं काम एकच. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून लीगने घालून दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. दर मार्चमध्ये लीगचं नवं वर्ष सुरू होतं, त्या दिवशी चार वाजता सगळं मर्यादेत हवं. या वर्षी, म्हणजे २०२६ला, टीम एक कोटी चार लाख डॉलरने वर होती.

अशा वेळी एक युक्ती असते, आणि श्रीरंग त्यात पटाईत होता. खेळाडूचा पगार आज बोनस म्हणून रोख देऊन टाकायचा. मग नियमाप्रमाणे तो बोनस पुढच्या पाच वर्षांवर सारखा वाटता येतो. कंत्राटात तेवढी वर्षं शिल्लक नसली, तर शेवटी पोकळ वर्षं जोडायची. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. आजचं मरण उद्यावर ढकलायचं, एवढाच त्यांचा उपयोग. मात्र मधेच त्या माणसाला काढलं, तर पुढे ढकललेलं सगळं एकदम अंगावर येतं.

दोन वर्षांपूर्वी टेव्हिनचा एक कोटीचा पगार श्रीरंगनेच असा पाच वर्षांवर पसरला होता. खरं कंत्राट २०२६ पर्यंतचं, पुढची दोन वर्षं पोकळ. टेव्हिनने दोन मिनिटांत सही केली. मोकळ्या झालेल्या पैशांतून टीमने त्याच्याच जागेवर खेळणारा एक तरुण खेळाडू आणला, आणि टेव्हिनने त्याला स्वतःचे सगळे डाव शिकवले. आज तो तरुण तयार होता. टेव्हिन तेहतीस वर्षांचा होता, डावा गुडघा दोनदा कापलेला.

“परत एकदा पसरू या की,” श्रीरंग म्हणाला. “या वर्षीचा पगार बोनस करू. मी मांडून ठेवलंय.”

“त्या गुडघ्यावर?” ग्रेगने मान हलवली. “नाही.”

“पगार कमी करायला तो तयार होईल. मी विचारू का?”

“श्री, मालकांचं ठरलंय.”

घरी त्याच्या बायकोने, विनीताने, सगळं ऐकून घेतलं. “अरे, कोट्यधीश माणूस आहे तो. जाईल दुसऱ्या टीममध्ये. तू कशाला एवढा अपसेट होतोस?”

“तो जाईल गं. त्याच्या आईचं काय?”

टेव्हिनची आई विनीताची मैत्रीण होती. दोन वर्षांपूर्वी, सही झाली त्याच उन्हाळ्यात, टीमच्या पिकनिकला या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी श्रीरंगला गाठलं होतं. सगळे त्यांना मिस लोरेटा म्हणायचे, आपण मावशी म्हणतो तसं. “मिस्टर श्री, पगाराचं तुम्ही बघता ना? मग मला खरं सांगा, माझा मुलगा इथे किती वर्षं आहे? अलाबामाचं घर विकून यावं म्हणते. या वयात मला एकदाच हलता येईल.”

हातात मक्याचं कणीस, आजूबाजूला हसती माणसं. अशा वेळी तोंडातून वावगं काढायचं नाही, हे श्रीरंगच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. घरात कुणी निघालं तर ‘जातो’सुद्धा म्हणू न देणारी त्याची आई. तो हसून म्हणाला होता, “कागदावर दोन हजार अठ्ठावीसपर्यंत आहे, मिस लोरेटा.”

खोटं नव्हतंच ते. कागदावर होतं.

बाईंनी बेचाळीस वर्षांचं घर विकलं. डब्लिनमध्ये टेव्हिनच्या शेजारी छोटं घर घेतलं, अंगणात नासपतीचं झाड लावलं, चर्चमध्ये गाऊ लागल्या. विनीता दर सणाला त्यांना डबा पाठवायची. पहिल्यांदा त्यांनी तो धुऊन रिकामा परत केला, तेव्हा विनीता हसत म्हणाली, “आमच्यात डबा रिकामा देत नाहीत हं.” तेव्हापासून डबा कधी रिकामा आला नाही.

“तू तेव्हा बोलला का नाहीस, श्रीरंग?” विनीताने विचारलं.

तो उठून पाणी प्यायला गेला.

मंगळवारी सकाळी त्याने आणखी तीन खेळाडूंच्या एजंटांना फोन केले, टेव्हिनऐवजी त्यांचे पगार पसरता येतील का ते बघायला. एकाने हसून फोन ठेवला, दुसरा म्हणाला पुढच्या आठवड्यात बोलू, तिसऱ्याने उचललाच नाही. दुपारी ग्रेगने टेव्हिनला बोलावून सांगितलं. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

बुधवारी अडीच वाजता टेव्हिन स्वतःच श्रीरंगच्या खोलीत आला. दार त्याला नेहमीच अपुरं पडायचं. एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्या हातात विनीताचा स्टीलचा डबा, होळीला पुरणपोळ्या घालून पाठवलेला.

“आईने दिलाय. खाली गाडीत बसलीय.”

“टेव्हिन, मी त्यांना त्या दिवशी...”

“माहितीये मला.” तो खुर्चीत बसला नाही. “शेवटची दोन वर्षं नावापुरती आहेत, हे एजंटने मला सहीच्या दिवशीच समजावलं होतं. पण तुमचं ऐकून आई घरी आली ती गातच. मग मी पण गप्प बसलो, श्री. तुम्ही एकटे नाही.”

श्रीरंगला वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो टेव्हिनबरोबर खाली गेला. मिस लोरेटा पुढच्या सीटवर कोट घालून बसल्या होत्या, पर्स मांडीवर. काच खाली झाली.

“पोळी छान होती, विनीताला सांगा,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “मला एवढंच समजावून सांगा, मिस्टर श्री. ती सत्तावीस आणि अठ्ठावीस, ती कुणाची वर्षं होती?”

अकरा वर्षांत त्याने मालकांना, वकिलांना, वार्ताहरांना हे समजावलं होतं. त्याच्याजवळ तक्ते होते, रंगीत. तो गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला.

“सॉरी, मिस लोरेटा,” तो म्हणाला.

त्यांनी त्याच्या हातावर दोनदा थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. त्या स्पर्शाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी गेली.

तीन पन्नासला त्याने लीगला कागद पाठवला. तक्त्यात टेव्हिनचं नाव वरच्या खेळाडूंच्या यादीतून निघालं आणि तळाच्या करड्या पट्टीत गेलं, टीममध्ये नसलेल्या माणसांच्या खर्चात. साठ लाख. दोन हजार अठ्ठावीसपर्यंतचं सगळं याच वर्षात आलं होतं. वरची बेरीज हिरवी झाली. ग्रेगने दारातून अंगठा दाखवला.

श्रीरंगने डबा जवळ ओढला. झाकण घट्ट बसलं होतं. उघडल्यावर आत मक्याच्या पावाचे चार तुकडे निघाले, कागदात नीट गुंडाळलेले, अजून कोमट.